गोव्याला निघण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुण्याहून, कोल्हापूर-बेळगावहून गाड्या गोव्याच्या वाटेला लागतात. ज्यांच्या घरी असा बेत ठरतोय, त्यांच्याशी आज बोलायचंय.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती व्हिलाच्या बुकिंगची. मोबाइलवर जाहिरात दिसते, पोहण्याचा निळाशार तलाव असतो, भाव निम्मा. 'आत्ताच अर्धी रक्कम टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे,' असा फोन येतो. पैसे जातात, आणि पोराबाळांसह हणजुण्यात, म्हणजे अंजुनाला, उतरल्यावर कळतं की घर दुसऱ्याचंच आहे, फोटो तेवढे उचललेले. म्हणून पैसे टाकण्याआधी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. गोव्यात हॉटेल, गेस्ट हाउस चालवणाऱ्याला १९८२च्या कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा. जो घाई करतो आणि क्रमांक द्यायला टाळाटाळ करतो, त्याचा नाद सोडा.

स्कूटर भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तरच ती भाड्याची परवानाधारक गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं किंवा अपघात झाला तर निस्तरायचं तुम्हालाच. गाडीवरचे जुने ओरखडे मालकासमोरच मोबाइलवर टिपून ठेवा, आणि अनामत म्हणून मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स देऊ नका. लायसन्स तर चालवताना तुमच्याच खिशात हवं!

किनाऱ्यावर चोराला फार कसब लागत नाही. सगळं कुटुंब एकदम पाण्यात शिरतं, पिशव्या वाळूत राहतात, तेवढं त्याला पुरतं. एकाने सामानापाशी बसायचं, पाळी लावायची. स्कूटरची डिकीही पैशांसाठी सुरक्षित नाही.

रस्त्यात कुणी कार्ड खरवडायला देऊन 'बक्षीस लागलं' म्हणालं, तर हसून पुढे चला. त्या बक्षिसापाठी हॉलिडे क्लबचं सदस्यत्व गळ्यात मारायचा बेत असतो. रात्री बागा किनाऱ्याच्या भागात क्लबात स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या दलालामागे तरुण मुलांनी मुळीच जाऊ नये. आत गेल्यावर बिल किती लावायचं, हे तेच ठरवतात, आणि दारात दांडगे उभे असतात.

आणि तरीही फसलात, तर कृपा करून लाजेने गप्प बसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. धाकदपटशा होत असेल तर ११२. मोबाइल चोरीला गेला तर परतीची गाडी पकडण्याआधी तिथल्याच पोलीस ठाण्यात तक्रार द्या, तिची प्रत घ्या. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर चोरीचा फोन बंद करायचा, तर ती प्रत आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दोन्ही लागतात. तो क्रमांक आजच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून बघा आणि घरच्या डायरीत उतरवून ठेवा.