पावडर आणि पाणी

ही बाटली बघा. बोटाच्या पेराएवढी, तळाला थोडी पावडर. गोवराची लस अशीच येते, कोरडी. विषाणू जिवंतच असतो त्यात, पण पार कमजोर केलेला, आणि टिकावा म्हणून सुकवलेला. टोचायच्या आधी शेजारच्या बाटलीतलं पाणी सिरिंजने ओढायचं, हिच्यात सोडायचं, हळूच हलवायचं. की घड्याळ सुरू! सहा तासांत संपली नाही तर फेकून द्यायची, तोवर थंड ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही.

आता ती पाण्याची बाटली. सगळी गोष्ट खरं तर तिचीच आहे.

सामोआ, पॅसिफिकमधला बेटांचा देश, वस्ती दोनेक लाख. जुलै २०१८ मध्ये इथे एकाच दिवशी दोन तान्ह्या बाळांना एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस, टोचली आणि दोघंही गेली. नंतर उलगडलं की पाणी समजून पावडरीत भलतंच औषध मिसळलं होतं, ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला देतात ते. दोन नर्सना शिक्षा झाली. लशीत खोट नव्हतीच.

पण तोवर लसीकरण थांबवलेलं, कित्येक महिने, आणि त्या रिकाम्या जागेत फेसबुकवर लसविरोधी पोस्टी घुसल्या. आयाबाया बिचकल्या. त्यांना अडाणी म्हणणारे खूप आहेत, मला ते पटत नाही, कारण सुई टोचली आणि बाळ गेलं एवढं ऐकल्यावर पाणी आणि पावडर यातला फरक कोण विचारत बसणार?

गोवराला तर एवढीशी फट पुरते. पेशंट खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो, म्हणून तर शंभरातल्या ९५ जणांना लस झालेली लागते, आणि इथे २०१८ मध्ये बाळांच्या पहिल्या डोसचं प्रमाण होतं अंदाजे ३१ टक्के. २०१९ च्या शेवटी साथ आली, ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांच्या आतले.

हे लाल फडकं दिसतंय? ५ आणि ६ डिसेंबरला सरकारने अख्खा देश बंद ठेवला, घरातच थांबा म्हणाले, आणि ज्यांच्या घरी लस राहिलीये त्यांनी बाहेर लाल कापड लावा. रस्ते सामसूम, फिरतायत फक्त लसीकरणाच्या गाड्या. लाल दिसलं की थांबायचं, उतरायचं, पेटी उघडायची. पावडरीची बाटली, पाण्याची बाटली. आणि सुई काढायच्या आधी दुसऱ्या बाटलीचं लेबल वाचायचं.