टाकी बदलताना: एका जुन्या हेराल्डचा अनुभव

(छत्रपती संभाजीनगर येथे जुन्या गाड्यांचे हौशी आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, पत्रा ठोकून बघतो, बसून गादी दाबतो. पण पेट्रोलचे झाकण काढून टाकीत बॅटरीचा उजेड टाकणारा क्वचितच भेटतो. मीही तो टाकला नव्हता, आणि आजचे बोलणे त्यातूनच निघाले आहे.

माझी गाडी स्टँडर्ड हेराल्ड आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ती आपल्याकडे बनवली. सुरुवातीचे इंजिन ९४८ सीसीचे होते. तिची टाकी डिकीतच एका अंगाला असते आणि तीत सुमारे तीस लिटर पेट्रोल मावते. अगदी सुरुवातीच्या हेराल्डमध्ये टाकीवरच एक खटका असे. तो फिरवला की तळातले राखीव पेट्रोल मिळत असे. माझ्या मामांनी ही गाडी जालन्यात वापरली, नंतर ती बरीच वर्षे शेडमध्ये उभी राहिली. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी केली, की आतल्या हवेतला ओलावा रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर जमतो, ते पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते आणि टाकी बुडातून गंजते. मामांची टाकी अशीच गेली. बाहेरून रंग शाबूत होता. बुडाला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला.

तेव्हा मी घाई केली. एका गॅरेजने दुसऱ्या एका गाडीची मोठी टाकी सुचवली, ती डिकीत आडवी मावत होती, आणि मी हो म्हणालो. मे महिन्यात बीडला निघालो. पाचोड ओलांडल्यावर गाडी चढाला दम टाकू लागली, मग बंद पडली. कार्बोरेटर कोरडा होता आणि टाकी तर निम्म्याहून जास्त भरलेली होती. झाकण सैल करताच टाकीने बाहेरची हवा सुस्सकन आत ओढली आणि पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. टाकी बसवणाऱ्याने हवेच्या नळीचे तोंड, पेट्रोलचा वास येऊ नये म्हणून, बुच मारून बंद केले होते. पंप जेवढे पेट्रोल ओढतो तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिनाजवळच्या त्या छोट्या यांत्रिक पंपाला ती ओढ सोसत नाही.

उन्हाळ्यात ही नळी उलट्या दिशेनेही काम करते. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगते. सकाळी गार पेट्रोलने तोंडापर्यंत भरलेली तीस लिटरची टाकी दुपारी वीस अंशांनी तापली, तर अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोलला बाहेर पडण्याखेरीज वाट उरत नाही. म्हणून नळी बंद करायची नसते, तर ती टाकीच्या वरच्या टोकापासून उंच नेऊन, वळण देऊन, गाडीच्या खाली बाहेर सोडायची असते. डिकीत सोडली तर पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे तिथेच साचते आणि मागच्या सीटच्या फटींतून माणसांपर्यंत येते.

यावरून माझे ठाम मत झाले की टाकी बदलताना डबा किती लिटरचा आहे हा दुय्यम प्रश्न आहे. खरे काम तिच्यात शिरणाऱ्या आणि तिच्यातून निघणाऱ्या वाटांचे आहे. ती दुसरी टाकी मी काढून टाकली आणि वाळूजच्या एका फॅब्रिकेटरकडून मूळ टाकीच्या मापाने ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पत्र्याची नवी करून घेतली. भरण्याचे तोंड, पकडीचे कान आणि पेट्रोल जाण्याची नळी जुनी टाकी समोर ठेवूनच त्याच जागी आणली. आत दोन आडवे पडदे घालायला लावले. पडदे नसले तर वळणावर सगळे पेट्रोल एका बाजूला धावते आणि नळीचे तोंड उघडे पडते. आर्गन वेल्डिंग झाल्यावर टाकीत अगदी थोडा दाब दिला, कारण सपाट पत्रा जास्त दाबाने फुगतो, आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले. तीन बाजू कोरड्या राहिल्या. मागच्या कोपऱ्यात मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तो सांधा परत भरला.

विद्यार्थ्यांना मी हात जोडून सांगतो, जुन्या टाकीला झाळण किंवा वेल्डिंग करायला जाऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्के असली की ती स्फोट होण्यास पुरते, आणि गंजाच्या खपल्यांखाली मुरलेले पेट्रोल धुऊनही वाफ सोडत राहते. यात माणसे दगावलेली आहेत.

इंधनाचा काटा हे पुढचे दुखणे. हेराल्डच्या टाकीत तरंगता फ्लोट असतो आणि त्याच्या दांडीबरोबर विजेचा रोध बदलतो. दुसऱ्या गाडीचा फ्लोट जोडला तर रोधाचा पल्ला जुळत नाही. काटा चुकीचा, कधी तर चक्क उलटा चालतो. मी जुनाच फ्लोट साफ करून बसवला, तरी काटा हलेना. टाकीखाली नवीन रबरी पट्ट्या टाकल्यामुळे तिचे अर्थिंग, म्हणजे चासीशी असलेली विजेची जोडणी, तुटले होते. फ्लोटच्या स्क्रूपासून चासीपर्यंत एक वायर ओढली आणि काटा जागा झाला. मग पाच-पाच लिटर ओतून काटा कुठे जातो ते कागदावर लिहून घेतले. सहा लिटर शिल्लक असतानाच तो शून्यावर टेकत होता, म्हणून दांडी किंचित वाकवली.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पाणी शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि टाकीतला साठलेला चिकटा सोडवून कार्बोरेटरकडे पाठवते. नवी टाकी बसवून जुन्या नळ्या ठेवणे म्हणजे काम अर्धवट सोडणे आहे. इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुरोइलास्टोमर या खास रबराचे होज मागून घ्या, टाकीनंतर लगेच गाळणी बसवा, आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ती बदला.

कायद्याबद्दल दोनच वाक्ये. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांना छेद देणाऱ्या बदलांना मनाई करते, आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी देणाऱ्या २०२१ च्या नियमांत चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेले नसावे अशी अट आहे. मोठी टाकी मावावी म्हणून डिकीचा तळ कापणारे मालक मी पाहिले आहेत; दहा लिटर जास्त मिळवण्यासाठी त्यांनी गाडीची ओळखच घालवली, याचे मला मनापासून वाईट वाटते. नवी टाकी चार बोल्ट सोडून निघाली पाहिजे आणि खाली मूळ पत्रा जसाच्या तसा सापडला पाहिजे.

मामांची जुनी टाकी मी भंगारात दिलेली नाही. तिला आतून तेल फिरवून, तोंडे कापडाने बांधून माळ्यावर ठेवली आहे; ज्यांना पकडीच्या कानांचे आणि नळ्यांचे माप घ्यायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावे, कागदी साचा मी सोबत आणला आहे.