पोटावरही स्टेथोस्कोप ठेवा

(दृश्य : सीटी स्कॅनचे काप छातीकडून ओटीपोटाकडे सरकतात.)

मणक्याच्या पुढून दोन मोठ्या रक्तवाहिन्या शेजारी शेजारी जातात. डावीकडे महाधमनी, उजवीकडे महाशिरा. डॉक्टर मंडळी त्यांना एओर्टा आणि आयव्हीसी म्हणतात. स्कॅनमध्ये बाजू उलट दिसतात, रुग्णाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे. धमनीतला दाब सरासरी पाऱ्याचे ९० मिलिमीटर, शिरेतला जेमतेम ५ ते १०. दोघींच्या मध्ये चरबीचा पातळ, करडा थर असतो.

आता खालचे काप पाहा. धमनी फुगली आहे. चरबीचा थर कुठेच सापडत नाही. आणि महाशिरा धमनीइतकीच पांढरी चमकते आहे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त पांढरं दाखवणारं औषध, हाताच्या शिरेतून सोडून अर्धा मिनिटही झालेला नाही. पायांकडून परतणारं रक्त इतक्या लवकर पांढरं दिसूच शकत नाही. औषध धमनीतून सरळ शिरेत उतरलं आहे. धमनी आणि शिरेमधल्या अशा भोकाला फिस्टुला म्हणतात.

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ती ३ सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद झाली की तिला एन्युरिझम म्हणतात. हा फुगवटा पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटीमीटरपर्यंत पोचला की शस्त्रक्रियेचा विचार करतात, कारण त्यापुढे फुटण्याचा धोका झपाट्याने वाढतो. तो बहुधा पोटाच्या मागच्या पोकळीत फुटतो. मात्र फुटलेल्या दर शंभरांतले तीन ते सात शेजारच्या शिरेत फुटतात. अशा एका रुग्णाची नोंद जेम्स साइम या स्कॉटिश सर्जनने १८३१ साली केली होती. हे भोक यशस्वीपणे बंद व्हायला मात्र १९५४ साल उजाडावं लागलं. ते काम अमेरिकन सर्जन डेंटन कूली यांचं.

(दृश्य : वॉर्ड. सुजलेले पाय. लघवीची पिशवी.)

असा रुग्ण फुटलेल्या एन्युरिझमचा वाटतच नाही. रक्त बाहेर सांडलेलं नसतं, ते शरीरातच आखूड वाटेने फिरत असतं. हृदयाला दुप्पट, कधी त्याहूनही जास्त रक्त ढकलावं लागतं आणि ते थकतं. शिरेतला दाब चढतो, म्हणून दोन्ही पाय सुजतात, निळसर पडतात. मूत्राशयाच्या शिरा तुंबतात आणि लघवीतून रक्त जातं. मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं आणि तिथून बाहेरही नीट पडत नाही, म्हणून लघवी घटते आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, वाढतं.

मग पाय हृदयरोगतज्ज्ञाकडे जातात, लघवी मूत्ररोगतज्ज्ञाकडे, क्रिएटिनिन किडनीच्या डॉक्टरांकडे. क्रिएटिनिन वाढलंय, कॉन्ट्रास्टने मूत्रपिंड आणखी बिघडेल, म्हणून तो नको, असं ठरतं आणि जो स्कॅन निदान करणार तोच राहून जातो. इथे मूत्रपिंड फिस्टुलामुळेच बंद पडत आलेलं असतं. भोक बुजवलं की ते बहुतेकदा सावरतं. म्हणून संशय असेल तर कॉन्ट्रास्ट द्यायलाच हवा.

आणि संशय यायला यंत्र लागत नाही.

(दृश्य : स्टेथोस्कोप बेंबीवर. आवाज पूर्ण ऐकू द्यावा, निवेदन थांबेल.)

पिठाच्या गिरणीसारखी ही घरघर ठोक्यांच्या मधल्या वेळेतही थांबत नाही. हाताला थरथर लागते. रक्तदाबाचा वरचा आकडा ठीक आणि खालचा फार उतरलेला असतो. पोट किंवा पाठ दुखणं, ठोके देणारी गाठ आणि ही घरघर, अशी तिन्ही लक्षणं एकत्र नेहमी भेटत नाहीत. पण छाती तपासून झाल्यावर स्टेथोस्कोप वीतभर खाली न्यायला किती वेळ लागतो?

(दृश्य : ऑपरेशन थिएटर.)

रुग्ण अजून जागा आहे, तरी छातीपासून गुडघ्यापर्यंत औषध लावून कापडं टाकून झाली आहेत. भूल चढताच दाब कोसळू शकतो, तेव्हा सर्जनच्या हातात सुरी तयार हवी. सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्र जोडलेलं आहे. भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतात, हृदय आधीच भरून वाहतं आहे.

छातीच्या हाडाखालून ओटीपोटापर्यंत सरळ छेद. आतडी उजवीकडे सारली. धमनीच्या मानेवरून, म्हणजे फुगवट्याच्या वरच्या न फुगलेल्या भागावरून, आडवी जाणारी ही निळी पट्टी डाव्या मूत्रपिंडाची शिरा. काही लोकांत ती धमनीच्या मागून जाते. स्कॅनमध्ये ते आधी पाहिलेलं नसेल तर मागून बोट फिरवताना ती फाटते. म्हणून क्लॅम्प, म्हणजे धमनी दाबून बंद करणारा चिमटा, पुढून मागे, मणक्याला टेकेपर्यंत सरळ घालतात, धमनीला वेढा घालत नाहीत.

फुगवट्याला कोणी हात लावत नाही हे लक्षात घ्या. आत गुठळ्यांचे थर आहेत. दाबले तर त्यातला तुकडा भोकातून शिरेत जाईल आणि तिथून थेट फुप्फुसात.

वर मानेवर क्लॅम्प, खाली पायांकडे जाणाऱ्या दोन्ही इलियाक धमन्यांवर. थरथर थांबली. मॉनिटरवर खालचा आकडा चढतो आहे.

फुगवटा उभा चिरला. गुठळी अलगद काढली जाते आहे. कधी हीच गुठळी भोकाचं बूच असते. तेव्हा आधी घरघरही ऐकू येत नाही आणि स्कॅनही फसवतो, ती निघाल्यावरच भोक कळतं.

(दृश्य : काळसर रक्ताचा लोंढा. पाच सेकंद शांतता.)

हे शिरेचं रक्त. भोक बहुधा इथेच असतं, मागच्या उजव्या भिंतीत, धमनी दुभंगते त्याच्या जरा वर. पहिलं साधन म्हणजे बोट. मग स्पंज धरलेले दोन चिमटे महाशिरेवर, एक भोकाच्या वर, एक खाली. तेवढ्याने भागलं नाही तर भोकातून फोलीचा, म्हणजे लघवीच्या नळीच्या टोकाचा, फुगा आत. टेबल डोक्याकडे उतरतं केलेलं आहे, नाहीतर शिरेत हवा शिरेल.

महाशिरा मोकळी करून बाहेरून शिवण्याचा मोह इथे टाळावाच लागतो. ती धमनीला चिकटलेली असते आणि भिंत पातळ. सोडवायला गेलं की भोकाचं भगदाड होतं. टाके आतूनच, धमनीच्या जाड भिंतीतून. ३-० पॉलिप्रॉपिलीनचा सलग धागा, बोट इंचाइंचाने मागे सरकतं. टाका फार खोल गेला तर शिरा अरुंद होऊन तिच्यात रक्त गोठतं.

शेवटचा टाका. चिमटे सुटले. कोरडं आहे.

पुढचं काम ओळखीचं. डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी, आधी वरचा जोड, मागची भिंत प्रथम, मग खालचा. रिकाम्या फुगवट्याची सालं नळीवर ओढून शिवतात, म्हणजे आतडं नळीला घासत नाही.

जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीची कापडी नळी, सरकवूनही फुगवटा आतून बंद करता येतो, पोट न उघडता. मात्र फिस्टुला जागीच राहतो आणि कमरेच्या छोट्या धमन्यांतून येणारं रक्त त्यातून वाहत राहू शकतं. ते स्कॅन करून पाहत राहावं लागतं.

(दृश्य : अतिदक्षता विभाग. लघवीची पिशवी भरते आहे.)

यातून सगळेच वाचत नाहीत. निदानाला उशीर झालेले कमी वाचतात. वाचलेल्यांच्या पायांच्या शिरा आणि महाशिरा गुठळीसाठी तपासत राहतात.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा, महाधमनीचं माप.)

इंग्लंडमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी पोटाच्या सोनोग्राफीला बोलावतात. ३ ते ४.४ सेंटीमीटर असेल तर दरवर्षी, ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी पुन्हा माप घेतात. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सोनोग्राफी मात्र तालुक्याच्या गावीही होते. साठी उलटलेला, विडी-सिगारेट ओढणारा किंवा पूर्वी ओढलेला, घरात कोणाला एन्युरिझम झालेला माणूस कोणत्याही कारणाने पोटाची सोनोग्राफी करत असेल, तर रिपोर्टमध्ये महाधमनीचा व्यासही लिहून मागा.