दहा हजारातला एक भागही नाही

श्रोतेहो, नमस्कार.

दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडल्याची बातमी अधूनमधून येते. सोबत निळे समुद्र आणि पांढरे ढग असलेलं देखणं चित्र असतं. ते चित्रकारानं काढलेलं असतं. शास्त्रज्ञांना बहुतेक वेळा ग्रह दिसलेलाच नसतो. दिसलेला असतो ताऱ्याचा प्रकाश, किंचित मंदावलेला.

ग्रह ताऱ्यासमोरून सरकला की थोडा प्रकाश अडतो. याला अधिक्रमण म्हणतात. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर प्रकाशाच्या दहा हजार भागांतला एक भागसुद्धा पुरता कमी होत नाही. तोही वर्षातून एकदाच, जेमतेम तेरा तास! खात्री पटायला असं निदान तीनदा दिसावं लागतं. 2009 साली झेपावलेली केप्लर दुर्बीण हेच करत होती. सुमारे दीड लाख ताऱ्यांवर तिची एकाच वेळी नजर होती. 2013 मध्ये तिला स्थिर ठेवणाऱ्या चाकांपैकी दुसरं चाक बंद पडलं आणि ती अखंड टेहळणी थांबली. याची हळहळ मला आजही वाटते.

मग शास्त्रज्ञ छोट्या, लालसर ताऱ्यांकडे वळले. तारा लहान, म्हणून ग्रहाची सावली ठळक. सुमारे 40 प्रकाशवर्षांवरचा ट्रॅपिस्ट-1 हा तारा गुरूपेक्षा थोडाच मोठा आहे. त्याच्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह आहेत, हे 2017 मध्ये जाहीर झालं. त्यातले काही वासयोग्य पट्ट्यात येतात.

हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. वासयोग्य पट्टा म्हणजे पाणी द्रवरूप राहू शकेल इतकंच अंतर. तेही वातावरण साजेसं असेल तर. आपला शुक्रच बघा. आकारानं पृथ्वीचा जुळा भाऊ, पण पृष्ठभागावर 460 अंश सेल्सिअसची भट्टी. लांबून केवळ आकार मोजणाऱ्याला ती कशी कळावी?

म्हणून खरा प्रश्न वातावरणाचा. असे छोटे तारे वारंवार भडकतात आणि जवळच्या ग्रहाचं वातावरण उडवून लावू शकतात. ट्रॅपिस्टच्या सर्वांत आतल्या ग्रहाभोवती दाट वातावरणाची खूण जेम्स वेब दुर्बिणीला 2023 मध्ये मिळाली नाही. चौथा ग्रह वासयोग्य पट्ट्यात आहे. दर सहा दिवसांनी, साधारण तासभर, तो ताऱ्यासमोरून जातो. त्या तासात ग्रहाच्या कडेवरून गाळून येणाऱ्या प्रकाशात वायूंच्या खुणा शोधायच्या, ताऱ्यावरच्या डागांचा गोंधळ त्यातून वेगळा काढायचा, आणि पुन्हा सहा दिवस थांबायचं.