ब्राह्मी मागितली तर काय मिळतं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘ब्राह्मी, स्मरणशक्ती आणि मनःशांती’. त्यावर मी बोलणार आहेच. पण इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना एक गोष्ट मनात साठत आलीय, ती आधी तुमच्यापुढे मांडते. ब्राह्मीनं काय होतं, हे मला सगळे विचारतात. ‘कोणती ब्राह्मी?’ हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो.

लहानपणी ज्यांच्या टाळूवर ब्राह्मीचं तेल थापलं गेलंय, त्यांनी जरा हात वर करा. वा, शेवटच्या रांगेपर्यंत! आता त्या तेलात घातलेलं पान ज्यांनी स्वतः पाहिलंय, त्यांनीच हात वर ठेवा. उतरले की भराभर. पुढच्या रांगेतल्या आजींचा हात मात्र अजून वर आहे. आजी, कसं होतं पान? गोल, रुपयाएवढं, कडेनं कातरलेलं? शाबास. मग तुमच्याकडे होती ती मंडूकपर्णी. लॅटिन नाव सेंटेला एशियाटिका. कोकणातली मंडळी तिला कारिवणा म्हणतात. ओलसर जागी जमिनीसरशी पसरते, लांब देठावर एकेक गोलसर पान धरते आणि तिचं कूळ आपल्या कोथिंबिरीचं. पान चुरगाळून वास घ्या, नातं लगेच कळतं.

दुसरी ती जलब्राह्मी, नीरब्राह्मी. बॅकोपा मोनिएरी. हीसुद्धा पाण्याकाठची, सरपटणारी. साम्य इथंच संपतं. हिची पानं नखाएवढी, मांसल, समोरासमोर जोडीनं येणारी, देठ जवळजवळ नाहीच. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं. आणि चव कडूजहर! कुळं वेगळी, आतली द्रव्यं वेगळी. जलब्राह्मीत बॅकोसाइड्स, मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड. ‘भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशा’नं हा प्रश्न केव्हाच मिटवलाय: ब्राह्मी म्हणजे बॅकोपा, मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला. कागदावर मिटलेला प्रश्न बाजारात मात्र रोज नव्यानं उभा राहतो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम नेहमी द्यायचे. काष्ठौषधींच्या दुकानात जायचं, नुसतं ‘ब्राह्मी द्या’ म्हणायचं, पुडी घेऊन यायचं. पुडीत असतो वाळका पाला, काड्या, थोडी माती. त्यावरून कोणाला काही ओळखता येत नाही. मग तो चुरा बशीत घेऊन वर कोमट पाणी ओतायचं आणि धीर धरायचा. थोड्या वेळानं आकसलेलं पान सैल होतं. टाचणीनं हलकेच पसरवलं की देठापाशी एकाच बिंदूतून फुटलेल्या शिरा पंख्यासारख्या दिसू लागतात, कडेचे दाते दिसतात. मंडूकपर्णी! दुसऱ्या बशीत जाडसर, बिनदात्यांची, इवलीशी पानं जोडीजोडीनं काडीला धरलेली. जलब्राह्मी! एकाच नावाच्या दोन पुड्या शेजारीशेजारी अशा उलगडताना पाहिल्या की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला माल ज्या नावानं येतो त्याच नावानं तो विकतो. पण चूर्णाच्या डबीचं काय? दळलेलं पान पाण्यात टाकून उलगडत नाही.

बाटलीची तर वेगळीच तऱ्हा. दहावीच्या परीक्षेआधी शेजारची सूनबाई सिरपची बाटली घेऊन आली. ‘काकू, जरा बघा ना, चालेल ना हे लेकाला?’ वेष्टनावर सुरेख हिरवं चित्र, गोल कातरलेलं पान, म्हणजे मंडूकपर्णी. मागं घटकांची यादी इतक्या बारीक अक्षरांत की भिंग आणावं लागलं, आणि तिथं नाव बॅकोपाचं. चित्र एकीचं, औषध दुसरीचं! मी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं की चित्र केवळ प्रातिनिधिक आहे. मंडळी, मला ह्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. संत्र्याच्या रसाच्या बाटलीवर लिंबाचं चित्र कोणी चालवून घेतलं असतं का? आणि ही बाटली एक आई आपल्या मुलासाठी, परीक्षेच्या धास्तीनं, काटकसर करून विकत घेते. तिला निदान खरं चित्र तरी मिळायला हवं.

कोणी म्हणेल, बाई, जुन्या ग्रंथांतही गोंधळ आहेच की. आहे, पण तो समजून घेण्यासारखा आहे. भावप्रकाशात दोघी शेजारीशेजारी येतात आणि गुणांनी सारख्या म्हणून येतात. चरकाची मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायनं मात्र चार: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल, शंखपुष्पी. त्या यादीत ब्राह्मी नाही! ब्राह्मी भेटते अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, उपचारात, तिच्या रसात वचा, कोष्ठ, शंखपुष्पी घालून सिद्ध केलेल्या जुन्या तुपात. त्या चार रसायनांतही प्रत्येकाची रीत वेगळी. मंडूकपर्णीचा ताजा अंगरस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून, गुळवेलीचा रस, शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा. वनस्पती कोणती आणि द्यायची कशी, दोन्ही सांगितलंय. आपण दोन्ही विसरलो. शंखपुष्पीची कथा तर आणखी गुंतागुंतीची. कुठं कन्व्हॉल्व्ह्युलस, कुठं विष्णुक्रांता, केरळात गोकर्ण. त्यावर पुढच्या वर्षी बोलवा, आनंदानं येईन.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. तर आता पत्रिकेतला विषय.

आधुनिक अभ्यास जास्त करून जलब्राह्मीवर झालेत. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तिच्यातल्या बॅकोसाइड्सवर मोठं काम झालं. २००२ साली ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नवं शिकण्याचा वेग ब्राह्मीनं वाढला नाही, पण शिकलेलं विसरण्याचा वेग कमी झाला. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं, कारण चरक बुद्धीचं काम धी, धृती आणि स्मृती असं तीन ठिकाणी पाहतो. कळणं, धरून ठेवणं, आठवणं. चाचणीत फरक दिसला तो पहिल्या पायरीवर नाही, तर कळलेलं टिकण्यात.

मनःशांतीचं थोडक्यात. २००८ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ५४ जणांना जलब्राह्मीचा रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे दिला. ऐकलेले शब्द नंतर आठवण्यात सुधारणा दिसली, चिंता आणि उदासीचे गुण उतरले. चाचणी लहान आहे, तिच्यावर इमले बांधू नका. पण १२ आठवडे हा आकडा लिहून घ्या. फेब्रुवारीत बाटली आणून मार्चच्या पेपराला उपयोग व्हावा, ही अपेक्षाच चूक आहे. शिवाय ह्या दोन्ही चाचण्यांत शाळकरी मुलं नव्हती.

आणखी दोन गोष्टी घाईत सांगते. पहिली, जलब्राह्मी पाण्यातलं कॅडमिअम, शिसं शोषून घेते. सांडपाणी शुद्ध करायला तिचा उपयोग होईल का, ह्याचा अभ्यास झालाय तो त्यामुळेच. म्हणून गटाराकाठची ब्राह्मी फुकट मिळाली म्हणून उपटून खाऊ नका. दुसरी, तिनं काहींना मळमळ होते, पोट बिघडतं. झोपेच्या, थायरॉइडच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही सांगूनच घ्या. चालू गोळ्या ब्राह्मीच्या भरवशावर बंद करू नका.

दुकानात गेलात की लॅटिन नाव वाचा. नसेल तर विचारा, आणि सांगता आलं नाही तर डबी परत ठेवा. बाहेरच्या टेबलावर दोन्ही वनस्पतींच्या कुंड्या ठेवल्यात. प्रश्न तिथंच घेऊ. पानं हातात घेऊन बघा, चुरगाळून वास घ्या. लहान मुलांना पुढे येऊ द्या.