लिस्बनला गेलेल्या पाटल्या

(दृश्य : पणजी, सकाळ. मांडवीवर धुकं. बेतीहून आलेली फेरीबोट धक्क्याला लागते.)

गोष्ट शेअरबाजाराची आहे, पण सुरुवात सोन्यापासून करावी लागेल.

पोर्तुगीज अमलात गोव्यातली बँक म्हणजे बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. नोटा काढणारी तीच आणि कर्ज देणारीही तीच. घरात नड आली की बायकांच्या पाटल्या, गोठ, सर तिथं तारण जायचे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्याच्या तोंडावरच हे गहाण सोनं लिस्बनला रवाना झालं होतं. ते परत आलं १९९१ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. सोनं बुडालं नव्हतं. त्याची किंमत या काळात कितीतरी पटींनी वाढलीच होती. ते फक्त हाताला लागत नव्हतं.

(दृश्य : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मिरच्यांचे ढीग, चोरिसांच्या माळा, चवळी मोजणारी बाई.)

जगातल्या शेअरबाजारांची उतरंड लावणाऱ्या संस्था आहेत. सगळ्यात वर अमेरिका, जपान, जर्मनी. मध्ये आपण, चीन, ब्राझील यांच्यासारखे, म्हणजे इमर्जिंग, उगवते बाजार. त्याखाली व्हिएतनाम, केनिया, बांगलादेश, श्रीलंका, रुमानिया, मोरोक्को अशी एक पायरी आहे. तिला फ्रंटियर म्हणतात. हा शब्द जागतिक बँकेच्या गटातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनच्या फरीदा खंबाटा यांनी १९९२ मध्ये रूढ केला. उतरंड लावणाऱ्यांतली एक संस्था एमएससीआय, तिनं या बाजारांचा स्वतंत्र निर्देशांक काढला तो २००७ मध्ये.

गोवेकराला ही यादी अनोळखी वाटू नये. केनिया, ओमान, बहारीन या देशांची तिकिटं लावलेली पाकिटं इथल्या टपालात पिढ्यान् पिढ्या येत राहिली. कुवेतही २०२० पर्यंत याच पायरीवर होता. आता खरं सांगायचं तर आफ्रिकेला आणि आखातात गेले ते जास्त करून बार्देश-सासष्टीचे. आमच्या पेडणे-डिचोलीकडच्यांची धाव मुंबईपर्यंत. पण जग फिरलेला शेजारी सगळ्यांनाच होता.

तेव्हा हे बाजार घ्यावेत का? माझं उत्तर हो असं आहे. कारण सांगण्याआधी जरा मागे जाऊ.

(दृश्य : जुने कागदी शेअर सर्टिफिकेट. कडा पिवळ्या, मागे सह्यांचे रकाने.)

आपलं सोनं लिस्बनहून परत आलं त्याच १९९१ मध्ये देशावर स्वतःचं सोनं परदेशात गहाण टाकायची पाळी आली होती. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. पुढच्या वर्षी हर्षद मेहता प्रकरण फुटलं. आणि त्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, भारतानं परदेशी संस्थांना आपल्या शेअरबाजाराचं दार उघडून दिलं.

त्या वेळी बाहेरच्या माणसाला काय दिसत असेल? कागदी शेअर टपालानं फिरतात. सही जुळली नाही तर कागद परत येतो, त्याला बॅड डिलिव्हरी म्हणत. सौदा पुरा व्हायला आठवडे लागतात. एनएसईचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या राष्ट्रीय शेअरबाजाराचे, व्यवहार सुरू व्हायचे होते १९९४ मध्ये, कागदाऐवजी खात्यात शेअर ठेवायची डिमॅट सोय त्यानंतर दोन वर्षांनी. शहाण्या माणसानं लांब राहावं असाच सगळा कारभार. पण नेमक्या या गैरसोयींमुळे भाव पडलेले होते, आणि पुढची कमाई झाली ती देश वाढला म्हणून तर झालीच, पण या गैरसोयी एकेक करून गेल्या म्हणूनही झाली.

फ्रंटियर बाजारांची बाजू मांडताना लोक विकासदर सांगतात, तरुण लोकसंख्या सांगतात. ते ठीकच आहे. मला त्यापेक्षा दाराची बिजागरी बघावीशी वाटते, म्हणजे पैसा आत-बाहेर करणं किती सोपं होत चाललंय ते.

(दृश्य : हो ची मिन्ह शहर. संग्रहातील चित्रफीत. स्कूटरींचा लोंढा.)

व्हिएतनाम घ्या. जुलै २००० मध्ये हो ची मिन्ह शहरात शेअरबाजार सुरू झाला तेव्हा तिथं दोन कंपन्या होत्या. फक्त दोन! निर्देशांक १०० पासून निघाला. मार्च २००७ मध्ये तो १,१७० पर्यंत चढला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये २३५ वर आपटला. जुनी उंची पुन्हा गाठायला २०१८ उजाडलं. अकरा वर्षं. २००७ मध्ये ज्यांनी घेतले त्यांनी मुलांची शिक्षणं त्या पैशांवर ठरवली असतील तर काय झालं असेल, याचा विचार करा.

आणि तरीही या बाजारांची सगळ्यात चांगली गोष्ट इथंच दिसते : गैरसोयी एकेक करून जातात. परदेशी माणसानं शेअर घ्यायचा तर आधी पूर्ण पैसे खात्यात भरा, असा तिथं नियम होता. २०२४ च्या शेवटाला परदेशी संस्थांसाठी तो निघाला. २०२५ मध्ये निर्देशांक १,६०० च्या वर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफटीएसई रसेल या संस्थेनं व्हिएतनामला वरची पायरी जाहीर केली, सप्टेंबर २०२६ पासून लागू करायची म्हणून. कारखाने वर्षानुवर्षं चालूच होते. बिजागरीला तेल आत्ता पडलं.

मग पायरी चढली की पैसे वाढतात? तसंही नाही. पाकिस्तानचा बाजार आपल्याला घ्यायचा नाही, पण धडा घ्यायला काय हरकत आहे. मे २०१७ मध्ये तो फ्रंटियरमधून वर गेला. पाहुणे आधीच पंगतीला बसून चुकले होते. बढती लागू व्हायच्या आठवडाभर आधी कराचीचा निर्देशांक ५२,००० च्या पुढे शिखराला पोचला आणि तिथून घसरत गेला. २०२१ मध्ये पुन्हा खालच्या पायरीवर. गंमत पुढे आहे. खाली ढकलल्यावर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्यानं लाखाचा आकडा ओलांडला. दुप्पट झाले म्हणावं, तर तिथला रुपया तोवर डॉलरमागे १०५ वरून २७८ वर गेलेला. डॉलरच्या हिशेबात २०१७ चा माणूस अजून तोट्यातच होता.

(दृश्य : पणजीतल्या एका घराचा बलकांव. दगडी बाकावर वही, पेन. हात हिशेब मांडतो.)

हा चलनाचा हिशेब एकदा वहीत मांडूनच बघावा. नायजेरियाचा निर्देशांक २०२३ मध्ये ४५ टक्के वाढला. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला साधारण ४६० नायरा मिळत. शंभर डॉलर घातले, म्हणजे ४६,००० नायरा. त्याचे झाले ६६,७००. वर्षाअखेर डॉलर ९०० नायराच्या घरात. भागा. ७४ डॉलर. बाजार ४५ टक्के वर आणि तुम्ही २६ टक्के खाली. तेही पैसे बाहेर काढता आले तर, कारण परदेशी गुंतवणूकदारांना तिथं डॉलरच मिळेनासे झाले होते. २०२४ मध्ये एमएससीआयनं नायजेरियाला फ्रंटियरच्या यादीतूनच काढलं.

बांगलादेशनं वेगळी शक्कल लढवली. जुलै २०२२ मध्ये प्रत्येक शेअरला किमान भाव ठरवून दिला. त्याखाली विकायचं नाही. भाव पडेना, पण घेणाराही येईना. कागदावर श्रीमंती, आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. गहाण पाटल्यांची पावती जवळ असलेल्या घराला ही अवस्था समजावून सांगायला नको.

उलट बाजूही आहे. श्रीलंकेनं २०२२ मध्ये कर्जाचे हप्ते थांबवले, कोलंबोचा बाजार त्या एप्रिलमध्ये काही दिवस बंदच ठेवावा लागला. वर्तमानपत्रांत पेट्रोलच्या रांगांचे फोटो. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, तोच निर्देशांक वर्षभरात जवळजवळ निम्म्यानं वाढला आणि त्यांचा रुपयाही वधारला.

(दृश्य : डिचोलीजवळची बंद खाण. पाण्यानं भरलेला खड्डा, गंजलेले ट्रक.)

हे बाजार एकमेकांच्या तालावर नाचत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. केनियात पाऊस कमी पडला म्हणून रुमानियाची बँक घसरत नाही. आमच्याकडे २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा खाणपट्ट्यातले ट्रकवाले, गॅरेजवाले, चहाच्या गाड्या, सगळे एकाच दिवशी बसले, कारण सगळ्यांचं पोट एकाच मातीवर. असा एकेक देश वेगळा धरला तर नाजूक. दहा-पंधरा एकत्र बांधले तर जुडी बरी टिकते. अर्थात २००८ मध्ये ही जुडीही निम्म्याहून खाली आली होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका कंपनीवर तर मुळीच जीव टाकू नये. मोबाईलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा केनियात सफारीकॉम या कंपनीनं २००७ मध्ये आणली, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. या कंपनीचा शेअर २०२१ मध्ये ४० शिलिंगच्या वर होता, दोनच वर्षांत १५ च्या खाली. सेवा तीच आणि गिऱ्हाईकंही तीच.

इथून घ्यायचं तर वाट एकच सोयीची : परदेशात नोंदलेला, अनेक देशांचे शेअर धरणारा फंड. परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवले की त्यावरच्या रकमेला २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतलेला आगाऊ कर, कापतात, तो आयकराच्या हिशेबात परत मिळतो, पण तोवर अडकतो. अमेरिकेत नोंदलेला फंड असेल आणि मालक वारला, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर तिथला वारसा कर लागू शकतो. बघा, दार या बाजूनंही तपासावं लागतं.

(दृश्य : बार्देशमधलं घर. भिंतीवर जहाजाचा फोटो.)

आमचा एक ओळखीचा तारवटी आहे, तीस वर्षं जहाजावर काढलेला. मोंबासा, कोलंबो, सायगाव, सगळी बंदरं पायाखालची. ताळेबंद वाचत नाही. "धक्क्यावर क्रेन किती वाढल्या, ते मी बघतो," म्हणतो. निवृत्तीच्या पैशांतले शंभरातले पाच त्यानं अशा एका फंडात टाकलेत, आणि दहा वर्षं तिकडे बघायचं नाही असं ठरवलंय.

बायकोनं एकच अट घातली. आणखी टाकायचे असतील तर टाका, म्हणाली, पण पाटल्या मोडायच्या नाहीत. त्या आजेसासूच्या आहेत, आणि एकदा लिस्बनला जाऊन आल्यात.

(दृश्य : पाटल्या. फेरीबोटीचा भोंगा. अंधार.)