हार्बर: स्टेशन कशासाठी बांधलं?

[दृश्य: सँडहर्स्ट रोड, खालचा प्लॅटफॉर्म]

सँडहर्स्ट रोडच्या खालच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की कल्याण फास्ट धडधडत निघून जाते, पण धडधड थांबत नाही. ती आता डोक्यावर असते. वर पनवेल लोकल आलेली असते. रिव्हेट ठोकलेल्या लोखंडी खांबांनी अख्खं स्टेशन उचलून धरलंय. गाडी आली की खांबाला तळहात लावून बघा, थरथर कळते. खाली जागाच उरली नव्हती, म्हणून हार्बरवाल्यांना माडीवर चढवलं.

हार्बर लाइन म्हणजे मुंबई लोकलचं सावत्र लेकरू. नवं काही आलं की आधी वेस्टर्नला, ही इथल्या प्रवाशांची जुनी तक्रार. पण विजेवरची देशातली पहिली गाडी धावली ती याच रुळांवरून. ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला, १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. आणि मुंबई लोकलमधून डीसी शेवटी गेली तीही इथूनच, एप्रिल २०१६ मध्ये. पहिलं येणं आणि शेवटचं जाणं, दोन्ही हार्बरच्या वाट्याला.

[दृश्य: रे रोड, कॉटन ग्रीन]

१९२५ च्या आधी ही लाइन अर्धवटच होती. १९१० मध्ये कुर्ल्याहून निघून रे रोडला येऊन थांबलेली. नावंच बघा ना. डॉकयार्ड रोड. कॉटन ग्रीन, म्हणजे कापसाच्या व्यापाराची जागा. बाजूला गोदी, गोदामं, बंदरं. माणूस कामावर पोचला की स्टेशनचं काम संपलं. कुर्ला–चेंबूर रुळांची गोष्ट तर आणखी साधी: तिथून आधी शहराचा कचरा जायचा. माणसांची पाळी आली १९२४ मध्ये.

[दृश्य: लोकल खाडीपूल ओलांडते]

मानखुर्द सुटलं की लोकलच्या दारात उभे असलेलेही जरा मोकळा श्वास घेतात. दोन्ही बाजूंना खाडी, खारफुटी, आणि पलीकडे वाशी. ९ मे १९९२ ला इथे रेल्वे पोचली. वाशीत लोक आधीपासून राहत होते, पण मुंबईला जायचं तर भिस्त बसवर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला हे उमगलं होतं, की लोकल नाही तर मुंबईकर इकडे फिरकणार नाही. म्हणून मानखुर्द–बेलापूर मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने ३३. त्यातली काही वसुली मग वर्षानुवर्षं तिकिटावरच्या अधिभारातून होत राहिली. फुकट काहीच नसतं.

पैसा सिडकोचा, तर स्टेशनही सिडकोच्या मनासारखं. वाशीला उतरा. प्लॅटफॉर्मखालून रुंद भुयारी मार्ग, दोन्हीकडे रिक्षा, आणि स्टेशनच्या इमारतीत ऑफिसं. आयटी कंपन्यांची माणसं गाडीतून उतरून, रस्ताही न ओलांडता, थेट लिफ्टमध्ये शिरतात. रे रोडच्या स्टेशनला हे सुख स्वप्नातही सुचलं नसतं. ते गोदीसाठी होतं, हे जमिनीच्या भावासाठी. १९९३ मध्ये गाडी बेलापूरला गेली, १९९८ मध्ये पनवेलला. ठाणे–वाशी जोडायला मात्र २००४ उजाडलं.

[दृश्य: खारकोपर, संध्याकाळ]

नवी मुंबईतल्याच उलव्यात क्रम उलटा झाला. इथे टॉवर आधी उभे राहिले, लोक राहायला आले, आणि गाडी आली नोव्हेंबर २०१८ मध्ये, तीही खारकोपरपर्यंतच. पुढे उरणला पोचायला १२ जानेवारी २०२४ उजाडला.

गाड्या अजून मोजक्याच. एक चुकली की मोबाइल काढून बसायचं. प्लॅटफॉर्मवरून उलव्याच्या खिडक्यांतले दिवे एकेक करून लागताना दिसतात. कानात इअरफोन घातलेला एक मुलगा उठतो, इंडिकेटरकडे बघतो, आणि पुन्हा बाकावर बसतो.